खाकी कव्हर

"बाई, हे काय दुकान मांडलंय? सगळी पुस्तकं एकाच रंगाची!" मुख्याध्यापिकांनी मोबाईल कपाटासमोर धरला, खाली घेतला, पुन्हा धरला. "फोटोत काय दिसणार यात? पार्सलं?"

ग्रंथपालबाईंनी कपाटाचं दार आणखी थोडं उघडलं. शाळेच्या लायब्ररीतल्या एकूण एक पुस्तकाला त्यांनी स्वतःच्या हाताने खाकी कव्हर घातलं होतं. वर नाव नाही, चित्र नाही, पाठीवर फक्त नंबर. मुलं पाठीमागे त्यांना 'खाकीबाई' म्हणत. ते बाईंना ठाऊक आहे, हेही मुलांना ठाऊक होतं.

लोकांना वाटे, पुस्तकं टिकावीत म्हणून बाईंची ही धडपड. तसं होतंच म्हणा. पण खरं कारण निराळं होतं. नववीतल्या एखाद्या दांडगोबाला परीकथा वाचावीशी वाटली तर त्याने ती चारचौघांत बसून वाचावी, कुणी फिदीफिदी हसू नये. एखाद्या मुलीला जे तोंडाने विचारता येत नाही, त्यावरचं पुस्तक तिला दप्तरात टाकून निमूट घरी नेता यावं. कोण काय वाचतं हे खाकीबाई मेल्या तरी कुणाला सांगत नसत. एका वर्गशिक्षकांनी एकदा आपल्या वर्गाची चौकशी केली, तेव्हा बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही काय नेता तेही मी कुणाला सांगत नाही." सरांना एकदम तास असल्याचं आठवलं.

"आता लायब्ररीचं पेज काढायचं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "सगळ्या शाळांनी काढलीत. रोज एक फोटो, 'आजचा वाचक'. पोरं दिवसभर मोबाईलवर असतात ना, मग आपणच तिथे जाऊ या. फोटोंसाठी पालकांच्या सह्या ऑफिसने घेतल्यात. तेवढी कव्हरं काढा. जरा रंग दिसू दे."

बाईंनी आठवडाभर कुरकुर केली आणि मग कात्री घेतली. खरं सांगायचं तर, कागदाखालून लाल-निळे रंग बाहेर आले तेव्हा त्यांनाही बरंच वाटलं. सुरुवातीचे फोटो दोघींनाच आवडले, एक मुख्याध्यापिका आणि दुसरी बाईंची सून. नंतर शिडीवर चढून वाचणाऱ्या एका चिमुरडीच्या फोटोवर लोक तुटून पडले. काय ते बदाम, काय ती स्तुती! 'अशा बाई प्रत्येक शाळेला मिळोत,' असं कुणीतरी लिहिलं. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि बाई चढल्याही. गॅसवर दूध ठेवून त्या मोबाईल बघत आणि दूध उतू जाई. सून हसून म्हणे, "आई, ओटा पुसायलाही एक पेज काढा."

ऑफिसातल्या क्लार्क ताईंची मुलगी आठवीत होती. या ताईंना सगळी शाळा 'हसरी' म्हणे. फी भरायला आलेला पालक कावून आत जाई आणि हसत बाहेर येई, अशी बाई. मधल्या सुट्टीत हसरी आणि खाकीबाई एकाच थर्मासमधला चहा प्यायच्या. मुलगी त्या वेळी खिडकीजवळच्या बाकावर वाचत बसलेली असायची. समोर येईल ते वाचायची, कपाटाच्या कुलपासोबत आलेला कागदसुद्धा.

त्या दिवशी ती अशीच वाचत होती. बाईंनी मोबाईल धरला तो उलटा. मुलीने वर पाहिलं आणि खुदकन हसली. तेवढ्यात बाईंनी मोबाईल सरळ केला आणि बटण दाबलं. फोटो झकास आला होता. खिडकीचा उजेड, हसरा चेहरा आणि हातातलं पुस्तक: 'आईचं मन आजारी असतं तेव्हा'.

बाईंनी नाव वाचलं. पुरतं वाचलं. ही काय, काहीही वाचते, असं त्यांनी मनाला सांगितलं. आणि हसरीचं मन आजारी? मग धडधाकट कोण राहिलं? तरी आत कुठेतरी काटा टोचल्यासारखं झालं. पण गेले काही दिवस पेज थंड पडलं होतं, आणि फोटो फारच छान होता. 'पुस्तकात हरवलेली आमची आजची वाचक!' असं लिहून त्यांनी तो पेजवर टाकला.

संध्याकाळपर्यंत बदामांचा पाऊस पडला. त्यात एका पालकाने विचारलं, 'ही ऑफिसातल्या ताईंची मुलगी ना? ताई बऱ्या आहेत ना?' खाली दुसऱ्याने लिहिलं, 'म्हणून मध्ये इतके दिवस रजेवर होत्या वाटतं.' आणि तिसऱ्याने: 'म्हणजे ते हसणं सगळं वरवरचं!'

बाईंनी फोटो लगेच काढून टाकला. पण तोवर तो वर्गावर्गांच्या ग्रुपवर पोचला होता. पेजवरून काढता आला, लोकांच्या खिशातून कसा काढणार?

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वाईट झालं हो. पण सही होती ना तिची?" होती. नियमात सगळं बसत होतं. बाईंना त्याने काडीचाही दिलासा मिळाला नाही.

त्या थर्मास घेऊन ऑफिसात गेल्या. फीच्या खिडकीपाशी एक पालक उभे होते. हसरी पावती लिहीत होती आणि ते तिच्याशी अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होते. "सावकाश करा हं ताई. चुकलं तरी चालेल. मला काही घाई नाही." कुणी टिंगल केली असती तर बाई भांडल्या असत्या. या गोडव्याशी भांडणार कसं?

पालक गेल्यावर हसरीनेच खुर्ची पुढे केली. "बसा बाई. तोंड का पाडलंय? चुकून झालं तुमच्या हातून. मी पोरीलाही तेच सांगितलं. पुस्तकाचं नाव तुमच्या लक्षात कुठून येणार घाईत?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर निभावलं असतं. चहाही झाला असता.

"आलं होतं गं लक्षात," बाई म्हणाल्या. "नाव वाचलं मी. वाचलं आणि टाकला."

हसरीने पेन खाली ठेवलं. "का?"

"फोटो छान आला होता."

हसरीने पावतीपुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. "गोळ्या चालू आहेत माझ्या," ती म्हणाली. "बरं वाटतंय आता. घरात तिघांनाच माहीत होतं. मी हसते ना बाई, ते खोटं नाही हो. खरंच हसू येतं मला. आता लोकांना तेही खोटं वाटायला लागलंय."

"मी पेजवर माफी मागते. सगळ्यांसमोर."

"नको बाई! अजून चार जण वाचतील."

थर्मास तसाच भरलेला परत आला. गोतास काळ होणारा कुऱ्हाडीचा दांडा बाईंनी म्हणींच्या पुस्तकातून मुलांना किती वेळा समजावला होता. तो आपणच होऊ असं कधी वाटलं नव्हतं. त्यांनी मुख्याध्यापिकांना सांगून टाकलं, पेज दुसऱ्या कुणाकडे द्या. मग खाकी कागदाची गुंडाळी उघडली आणि पहिल्या कपाटापासून कव्हरं घालायला बसल्या. खिडकीजवळचा बाक मात्र मधल्या सुट्टीत रिकामाच राहू लागला. दार वाजलं की बाई वर बघत, आणि दुसरंच कुणी असे.

एके दिवशी शाळा सुटल्यावर हसरीची मुलगी आली. तेच पुस्तक टेबलावर ठेवलं. त्याला कव्हर होतं, तिनेच घातलेलं. वहीची पानं एकमेकांना चिकटवून केलेलं. कडेला अर्धवट सोडवलेली गणितं दिसत होती.

"चुकलं माझं, बाळा," बाई म्हणाल्या.

"आई म्हणाली, तुम्ही तिला खरं सांगितलंत."

"वाचून झालं सगळं?"

"नाही. थोडं राहिलंय."

"मग ने ना घरी. असंच आणखी एक आहे, तेही देते. खाकी कव्हर घालून. कुणाला कळायचं नाही."

मुलीने दप्तराचा पट्टा खांद्यावर नीट केला. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"नको बाई. राहिलेलं मी मोबाईलवर बघते," ती म्हणाली. "तिथे कुणाला दिसत नाही."

ती गेली. कॉरिडॉरच्या टोकाशी तिची आई ऑफिसला कुलूप लावून उभी होती. दोघी फाटकाकडे चालू लागल्या. मुलीने आईच्या हातातली पिशवी घेतली.

बाईंनी कात्री घेतली. मुलीचं कव्हर त्यांनी काढलं नाही. त्याच्यावरूनच खाकी कागद ओढला, कोपरे दुमडले, नखाने घडी बसवली आणि पाठीवर नंबर घातला. मग ते पुस्तक खिडकीजवळच्या फळीवर ठेवलं, बाकावर बसल्या बसल्या हात पोचेल अशा जागी.