अकरा दिवसांचा सूर्य

सुलोचनाबाईंनी लोखंडी पेटीतून एकोणीस रजिस्टरं काढून चटईवर ठेवली. विसावं मात्र मांडीवर घेऊन पदराखाली झाकलं.

"ते पण द्याल ना?" अरुंधतीने विचारलं. सूर्यावरच्या डागांच्या जुन्या नोंदी गोळा करत ती पुण्याहून इंदूरला आली होती.

सुलोचनाबाईंचे वडील श्रीहरी गद्रे मिलमध्ये टाइमकीपर होते. पंचवीस वर्षं रोज सकाळी ते याच क्वार्टरच्या पत्र्यावर चढायचे, दुर्बिणीतून सूर्याचं बिंब कागदावर पाडायचे आणि त्यावरचे डाग पेन्सिलीने उतरवायचे. माळव्यात तेव्हा दुसरं कुणी असं काही करत नव्हतं. पुढे जावईही मिलमध्येच लागला आणि क्वार्टर घरातच राहिलं. आता मिलला टाळं लागून वर्ष उलटलं होतं. आठ दिवसांत खोल्या खाली करायच्या होत्या.

"हे राहू द्या, बेटा. यात झूठ लिहिलंय."

"गद्रेंनी?"

"मी."

सुलोचनाबाईंनी रजिस्टरच्या कडेवरून बोट फिरवलं.

"उमेदीत बाबा काजळी धरलेल्या काचेतून सरळ सूर्याकडे बघायचे. त्यानेच पुढे डोळे गेले. मग मी वर जायची, डाग काढायची आणि खाली येऊन त्यांना आकडा सांगायची. चौदा वर्षांची होते. एका मे महिन्यात मनात बसलं, की माझेही डोळे जाणार. अकरा दिवस मी जिन्यातच बसून राहिले. मनाने डाग काढले. सात, नऊ, पाच. बाबा नुसती मान हलवायचे."

"त्यांना कधी सांगितलं नाहीत?"

"दोन वर्षांनी गेले ते. अजून पत्र्यावर मांजर चाललं तरी वाटतं, खालून विचारतायत, किती?"

अरुंधतीने सन विचारलं. सुलोचनाबाईंनी चोपन्न म्हणताच तिने पिशवीतून एक फाइल काढली. श्रीहरी गद्रे दर महिन्याला दक्षिणेतल्या एका वेधशाळेला तक्ता पाठवत. डोळे गेल्यावर ते सांगत आणि मिलच्या ऑफिसातले जयसिंगराव टाइप करून देत. त्या तक्त्यांच्या प्रती फाइलमध्ये होत्या. तिने मे महिन्याचा कागद पुढे केला.

सुलोचनाबाईंनी चष्मा लावला. नऊ तारखेपासून एकोणीसपर्यंत आकड्यांचा रकाना कोरा होता. समोर लिहिलं होतं: वेध नाही. निरीक्षक विश्रांतीवर.

त्यांनी हळूच वर पत्र्याकडे पाहिलं, मग त्याच्या बरोबर खाली असलेल्या बाबांच्या खाटेकडे. अकरा दिवस तिथे बसलेल्या माणसाला डोक्यावर एकही पाऊल ऐकू आलं नव्हतं.

"निरीक्षक म्हणून कुणाचं नाव आहे बघा," अरुंधती म्हणाली. "गद्रेंचे डोळे गेल्यापासून प्रत्येक तक्त्यावर तेच आहे. खरं तर मी त्या निरीक्षकांनाच शोधत आले होते."

कागदाच्या तळाशी टाइप केलेलं होतं: कु. सुलोचना श्रीहरी गद्रे.

स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला, तरी दोघीही उठल्या नाहीत.

"पेन आहे?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

त्यांनी विसावं रजिस्टर उघडलं. अकराही पानांवरच्या सूर्यांवर एकेक तिरकी रेघ मारली आणि प्रत्येकाखाली लिहिलं, वेध नाही. शेवटच्या पानावर सही करताना त्या क्षणभर थांबल्या. मग लग्नानंतरचं नाव न लिहिता त्यांनी सही केली आणि रजिस्टर अरुंधतीच्या हातात दिलं.