तीन पट्टे, तीन माणसं

मायाने वोल्वो घेतली तेव्हा रायपूरच्या गुढियारी मोहल्ल्यात बातमी पसरली की रामटेकेबाईने बस घेतली. लोकांचंही चुकत नव्हतं. रायपुरात वोल्वो म्हणजे रात्रभर झोपून जायची लांब पल्ल्याची बस. त्या नावाची कारही असते हे कुणाला माहीत असणार? शेजारच्या शांताबाई मुद्दाम फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या, आणि चार दारांची चंदेरी गाडी आत वळताना पाहून जरा निराश होऊनच परत गेल्या.

गाडी जुनी होती, सहा वर्षं वापरलेली. चौबे कॉलनीतले एक डॉक्टर नवी घेणार होते म्हणून त्यांनी ती विकायला काढली. त्यांच्याकडची त्याच कंपनीची पहिली गाडी ट्रकखाली चेपून भंगारात गेली होती. ती गेली पण मी वाचलो, तिची तारीफ काय सांगू, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला होता. माया त्याच क्षणी गाडी घ्यायला तयार झाली.

नातेवाइकांनी तिला वेड्यात काढलं. मंत्रालयात सेक्शन ऑफिसर असलेल्या विधवा बाईला इतकी जड गाडी हवी कशाला? पेट्रोल पिते, पार्ट लवकर मिळत नाही, गल्लीत वळवताना घाम फुटतो. नाकापेक्षा मोती जड, असं दीर विकीसुद्धा तोंडावर म्हणाला. माया ऐकून घ्यायची आणि सकाळी नऊला तीच गाडी काढून नव्या रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्याला लागायची. गाडीचं दार बंद होताना तिजोरीसारखा आवाज यायचा. तो आवाज ऐकला की तिला दिवसभर बरं वाटायचं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

तिचा नवरा दयाराम सिलतऱ्याच्या कारखान्यात फोरमन होता. कंपनीने भाड्याने घेतलेल्या गाडीतून ड्यूटीवरून परत येताना त्याचा अपघात झाला. ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी बसलेला सुपरवायझर, दोघंही चार दिवसांत पट्ट्या बांधून घरी आले. दयाराम मागे बसला होता. तो आलाच नाही.

त्यानंतर माया बदलली, असं लोक म्हणतात. मला विचाराल तर ती बदलली नाही, तिने फक्त लोकांचं ऐकणं सोडलं. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती गाड्यांचं वाचायला लागली. स्वीडन नावाच्या थंड देशात १९२७ साली ही कंपनी सुरू झाली. पुढे एक इंजिनियर तिथे आला. आधीच्या नोकरीत त्याने संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीवर काम केलेलं. इथे त्याला उलटं काम मिळालं, माणसाला जागच्या जागी धरून ठेवायचं. १९५९ साली त्याने खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा पट्टा केला, जो आज जगातल्या प्रत्येक गाडीत आहे. आणि कंपनीने त्याचं पेटंट घेऊनही तो सगळ्यांना खुला करून दिला, कुणीही बनवा म्हणून.

ही कथा मायाने इतक्यांदा सांगितली की ऑफिसातल्या शिपायालाही ती पाठ झाली. तिच्या गाडीत बसायचं तर पट्टा लावायचा, पुढे असो की मागे. मागे तीन पट्टे, म्हणून तीनच माणसं. चौथं कुणी शिरलं की ती चावी काढून हातात धरायची आणि आरशात बघत बसायची. असं करून तिने एकदा सख्ख्या नणंदेला तेलीबांध्याच्या चौकात उतरवून दिलं. नणंद वर्षभर बोलली नाही. माया म्हणाली, जिवंत आहे न, बोलंल कधी तरी.

सगळ्यात जास्त लाज वाटायची ती लेकीला. रुचिताला मराठी सगळी समजायची, पण उत्तर हिंदीतून यायचं. कॉलेजच्या मैत्रिणींसमोर आई पट्ट्याचं पुराण लावायची तेव्हा ती खिडकीबाहेर तोंड करून म्हणायची, "मम्मी, बस करो ना." बापाबद्दल मायलेकी फार बोलत नसत. तो विषय निघाला की दोघींपैकी एक उठून स्वयंपाकघरात जायची.

रुचिताचं लग्न भिलाईच्या अभिनवशी ठरलं. पोरगा बँकेत, स्वभावाने शांत. बाप दिवाकर भिलाईच्या पोलाद कारखान्यातून रिटायर झालेले, समाजाच्या कामात पुढे, शब्दाला मान असलेले. त्या मानाची त्यांना इतकी सवय झाली होती की कुणी नाही म्हटलं तर ते आधी ऐकू न आल्यासारखं करत. माया त्यांना पहिल्या भेटीतच थोडी जड गेली, पण मुलगी आवडली होती.

मार्चमधलं लग्न. सकाळी विकी मोठ्या उत्साहाने वोल्वो घेऊन गेला. फुलं लावून आणतो म्हणाला. भावाच्या मागे रुचितासाठी आपण काय केलं, ही बोच त्याला होती, आणि आज काही तरी करून दाखवायचं त्याने ठरवलं होतं. मायानेही चावी देताना पुढचामागचा विचार केला नाही. लग्नघरातल्या बाईला एका सकाळी किती गोष्टी सुचाव्यात?

लग्न छान झालं. पांढऱ्या साडीत रुचिता, मांडवात तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्रिशरण पंचशील, हार घातले, लोक जेवले. पाचच्या सुमारास पाठवणीची वेळ आली. भिलाई तासाभराच्या रस्त्यावर, पण तो रस्ता म्हणजे हायवे. ट्रकांची रांग तुटत नाही.

नवरीची आई फाटकापर्यंत येते, रडते आणि परत फिरते, अशी रीत आहे. माया फाटकापर्यंत आली, रडली, मग पदर कमरेला खोचून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. दिवाकर जवळ येऊन समजुतीच्या सुरात म्हणाले की आई सोबत नसते येत, आमचा ड्रायव्हर आहे. माया म्हणाली की माझ्या गाडीला माझाच हात लागतो, सोडून लगेच परत येईन, तुमच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. लग्नाच्या दिवशी वाद नको म्हणून त्यांनी ते गिळलं.

तेवढ्यात मागची दारं उघडून माणसं आत शिरली. रुचिता, अभिनव, त्याच्या दोन बहिणी, एक आत्या आणि आत्याच्या मांडीवर नातू. माया खाली उतरली आणि सगळ्यांना बाहेर काढलं. तिघं बसतील, बाकीच्यांना गाड्या आहेत, असं सांगून ती रुचिताचा पट्टा लावायला आत वाकली. आणि थांबली.

सीट लाल मखमलीची झाली होती. सोनेरी काठ, मागे दोन मोर. पट्टा वरून लोंबत होता, पण तो ज्यात अडकवायचा ते बकल कुठेच नव्हतं. तिने मखमलीवरून हात फिरवला. खाली कुठे तरी टणक लागलं.

विकी मागे उभा होता, चेहरा फुललेला. गोल बाजाराजवळच्या कारागिराकडून सीटच्या अंगासरसं शिवून घेतलेलं कव्हर होतं, काकाकडून पुतणीला भेट. "पसंद आलं न, वैनी? ते बकल-फिकल टोचत होते, मून खाली दाबून देले. मांगं तसंही कोन लावते?"

मायाने फुलवाल्याला हाक मारली आणि त्याची कात्री मागून घेतली. पहिला काप तिने मधोमध घातला, मोराच्या मानेपासून खाली. मखमल जाड होती, दोन्ही हातांनी ताकद लावावी लागली. कापड फाटल्याचा आवाज मांडवभर ऐकू येत राहिला.

"ताई, हे काय लावलं?" दिवाकरांचा आवाज चढला. "नवरीच्या गाडीत कैची चालवता? अशुभ असते हे."

माया वाकलेलीच होती. "भाऊ, शुभ-अशुभ मानत नाही मून तर आपन मुहूर्त नाही पाहिला. सकाळी सोडलं अन् संध्याकाळी पकडलं काय?"

दोघं-तिघं हसले. दिवाकरांचं तोंड लाल झालं. चारचौघांत असं बोलणारं माणूस त्यांना वीस वर्षांत भेटलं नव्हतं. नवरीला काय बांधून न्यायची, लोक काय म्हणतील, साडीची काय दशा होईल, असं एकामागून एक ते बोलत गेले आणि शेवटी म्हणाले, "आता ते आमची सून आहे. कशी न्यायची ते आम्ही ठरवू."

माया सरळ उभी राहिली. "सून तुमची. गाडी माही. अन् जीव तिचा."

मग विकी पुढे आला. त्याचे डोळे भरले होते. गाडीवरून मारलेला तो एक टोमणा सोडला तर त्याने वैनीला कधी उलट बोलून दुखावलं नव्हतं, पण आज त्याच्याच भेटीच्या सगळ्यांसमोर चिंध्या झाल्या होत्या. "मी प्रेमानं आनलं होतं, वैनी. मले सांगून तरी कापायचं होतं."

मायाने कात्री खाली ठेवली. सात वर्षं तिने जे एकटीने सांभाळलं होतं ते आता बोलायची वेळ आली, आणि ते असं बोलावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

"तुह्या भावाचा डबा आनाले मी पोलीस ठाण्यात गेली होती. गाडी तिथंच उभी होती, अंगनात. मांगच्या सीटवर असंच कव्हर होतं, नवंकोरं. मी त्याच्या खाली हात घातला." ती थांबली. "बकल तिथंच होते, विकी. त्याच्यावर कंपनीचं प्लास्टिक पन तसंच होतं. एकानंही कधी लावलं नाही. तुह्या भावाले लावायचं असतं तरी सापडलं नसतं."

विकी मटकन जवळच्या खुर्चीवर बसला. रुचिता आईकडे बघत राहिली. हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

दिवाकरांनाही वाईट वाटलं असणार, माणूस वाईट नव्हता. पण मागे हटायचं कसं, हे त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं. त्यांनी हात करून आपली मोठी काळी गाडी पुढे बोलावली. झेंडूच्या माळा, मागे आधीच तीन बायका. "झालं ते झालं ताई, वाईट झालं. पन आज मंगल दिवस आहे," ते म्हणाले आणि रुचिताकडे वळले. "चल बेटा, आपल्या गाडीत बस."

आता सगळे रुचिताकडे पाहत होते. ती एकदा आईकडे बघून काळ्या गाडीकडे निघाली.

हाक मारावी असं मायाला फार वाटलं. पण पोरगी पंचवीस वर्षांची होती, आणि आयुष्यभर तिच्या मागच्या सीटवर आई बसू शकणार नव्हती. तिने गाडीच्या दाराला घट्ट धरलं. हरले तर हरले, पण खोटं नाही बोलले, असं ती स्वतःला सांगत राहिली, आणि त्याने तिला जराही बरं वाटलं नाही.

रुचिताने काळ्या गाडीचं दार उघडलं. आतल्या बायकांनी सरकून जागा केली. ती बसली नाही. हिरवा चुडा कोपरापर्यंत सारून तिने वाकून सीटच्या फटीत हात घातला. इकडून चाचपडलं, तिकडून चाचपडलं. मेंदीचा हात मनगटापर्यंत आत गेला आणि रिकामा बाहेर आला.

"पापाजी, इसका बेल्ट कहाँ है?"

दिवाकर गडबडले. "अरे, पीछे कौन लगाता है, बेटा?"

"मेरे पापा पीछे ही बैठे थे."

ती मोठ्याने बोलली नव्हती, तरी मांडवातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. रुचिता परत चालत आली, फाटक्या मखमलीवर बसली, पांढऱ्या साडीवरून पट्टा ओढला आणि उघड्या पडलेल्या बकलात स्वतःच्या हाताने अडकवला. अभिनव बापाकडे न बघता तिच्या शेजारी जाऊन बसला. त्याचं बकल अजून कव्हराखाली होतं. विकी उठला, त्याने कात्री उचलली, आणि नाक पुसत आपल्या हाताने उरलेली मखमल कापून काढली.

माया गाडीत बसली. आपला पट्टा लावून तिने काच खाली केली.

"पुढं एक पट्टा आहे, मांगं एक," ती दिवाकरांना म्हणाली. "कोन येते?"