मावशी म्हण

कलादालन म्हणे! खिडकी नाही, भिंतींना काळा रंग, बसायला एक लाकडी बाक. "मावशी, तू नुसती बस आणि ऐक," असं सांगून भाची पाहुण्यांकडे गेली. तिचं पहिलंच मोठं प्रदर्शन. मी बसले, तर समोर पडद्याखाली काचेच्या पेटीत ती टेप ठेवलेली. पंचवीस वर्षं मी ती शिवणयंत्राच्या खणात बटणांच्या डब्याखाली दडवली होती. पोरीच्या हाती कधी लागली, देव जाणे.

ताई आणि भावोजी एकाच अपघातात गेले, तेव्हा पोर पाच वर्षांची होती. भेटायला येणारे तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणायचे, "माय मरो पण मावशी जगो." जळली मेली ती म्हण! माझी बहीण गेली होती हो.

भावोजींनी कॅमेऱ्यावर ताईची एक टेप काढली होती. पोर ती दिवसभर टीव्हीवर लावून बसायची. ताट वाढलं की म्हणायची, "आई बाहेर आली की जेवते." अंगाची नुसती काडी झाली. एका दुपारी माझं डोकंच फिरलं. टेप कॅमेऱ्यात घातली, काचेला झाकण लावलं, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, तो कपाटावर ठेवला आणि शिवायला बसले. वर काळं चढलं की खालची ताई पुसली जाणार, एवढं मला ठाऊक होतं. पोरीला सांगितलं, टेप बिघडली.

झाकणाने चित्र झाकलं जातं, आवाज नाही, एवढी अक्कल मला कुठली!

पडदा उजळला. ताई! सुरुवातीचे सात सेकंद तेवढे वाचले होते. ओले केस पुसत हसत होती. "अहो, नको ना, अवतार बघा माझा!" की लगेच काळोख. काळोखात माझं मशीन खडखडायला लागलं, आणि एक बारीक आवाज आला.

"आई, भूक लागली."

"मी आई नाहीये. किती वेळा सांगू? मावशी म्हण."

मग बराच वेळ नुसतं मशीन.

"मावशी, भूक लागली."

तेव्हा कुठे मशीन थांबलं.

इतक्या दिवसांत पोरीने पहिल्यांदाच आपणहून खायला मागितलं होतं, आणि मी तिचा शब्द सुधारत बसले होते. हे मी साफ विसरून गेले होते.

भाची शेजारी येऊन बसली. "टेप बिघडली नव्हती ना?"

"मी पुसली. तू जेवत नव्हतीस गं."

"माझ्याकडे आईचे एवढेच सात सेकंद आहेत, मावशी." ती रागावली असती तर बरं झालं असतं, राग मला झेपतो. "मग तुला तरी आई का म्हणू दिलं नाहीस?"

तिने मला आई म्हटलं तर ताईचं नावच पुसलं जाईल, असं वाटायचं. आणि पुसलं कुणी? मीच.

टेप पुन्हा पहिल्यापासून लागली. ताई हसली, गेली. मशीन खडखडलं.

"आई, भूक लागली."

"आले गं बाळा, आले!" मी मोठ्याने म्हटलं. दारातली माणसं वळून बघायला लागली. पण अंधारातून माझाच आवाज माझ्यावर खेकसला, "मी आई नाहीये. किती वेळा सांगू?"