आखाजीचा दोर समुद्रावर

मी एक जुना दोर आहे, मित्रांनो. अंबाडीचा, तीनपेडी, बावीस हात लांबीचा. सध्या मी जळगावात मेहरूणच्या एका घरात, माळ्यावर ठेवलेल्या एका खाकी बॅगेभोवती बांधलेला आहे. बॅग रिकामी आहे. तरीही मला कोणी सोडलेले नाही. का, ते सांगतो.

माझा जन्म धुळे जिल्ह्यातल्या, तापीकाठच्या एका गावात झाला. निंबा आबांनी अंबाडीच्या पेंढ्या वीस दिवस नाल्याच्या पाण्यात कुजवल्या, साल सोलली, धुतली, वाळवली आणि मग मांडीवर पीळ दिला. पिळाचेही एक शास्त्र असते. प्रत्येक पेड उजवीकडे पिळायचा आणि तिन्ही पेड एकमेकांवर चढवताना डावीकडे. मग पेड उलगडू पाहतो तेव्हा दोर आवळतो, आणि दोर उलगडू पाहतो तेव्हा पेड आवळतात. दोघे एकमेकांना धरून ठेवतात. मी बत्तीस वर्षे टिकलो तो एवढ्याच गोष्टीवर.

मला बनवले होते मोहिनीसाठी. ती आबांची थोरली लेक, तेव्हा सहा वर्षांची. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि झोके खेळतात. आबांनी आधी मला दारातल्या कडुलिंबाच्या फांदीवरून टाकून सरकीची दोन पोती टांगून पाहिली. तुटलो नाही, तेव्हाच माझ्यावर पोर बसवली.

झोक्याबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. त्यांना वाटते, झोका उंच गेला की दोराला जास्त ताण बसत असेल. तसे नाही. उंचावर ताण सर्वात कमी असतो. झोका खाली, जमिनीजवळ येतो, तेव्हा दोराला माणसाच्या वजनाच्या दुपटीपर्यंत भार पेलावा लागतो. बघणारे मात्र सगळे वर बघत असतात.

मोहिनी मोठी झाली, लग्न होऊन सोनगीरला गेली. पण दर आखाजीला ती आली. आपण होऊन नव्हे. लेक आपण होऊन येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी म्हणून तिचा धाकटा भाऊ कुंदन जायचा. तो आधी सायकलवर गेला, मग एसटीने, मग मोटारसायकलवर. पुढे त्याला ठिबक सिंचनाच्या कंपनीत नोकरी लागली, सुट्टी मिळेना, तेव्हा त्यांची आई लताबाई फोन करायच्या. तो फोनच मुराळी झाला. मोहिनी दारात आली की दोघी मायलेकी एकाच फळीवर बसायच्या. दोघींचे मिळून एकशे पंधरा किलो. मी कधी करकरलोही नाही. गल्लीतल्या बायका मला मागून न्यायच्या आणि परत देताना म्हणायच्या, असा दोर आता मिळत नाही.

तीन वर्षांपूर्वी आबा आणि लताबाई मेहरूणला कुंदनकडे राहायला आले. येथे लिंब नाही. लताबाईंनी हट्टाने गॅलरीच्या छताला दोन कड्या बसवून घेतल्या. सुनेने, डिंपलने, विचारले की वर्षातून दोन दिवसांसाठी छत कशाला फोडायचे. लताबाई म्हणाल्या, माझी पोर लोंबकळायला कुठे जाईल? डिंपल हसली आणि मिस्त्रीला चहा करून दिला. उरलेले दिवस मी आबांच्या खाटेजवळच्या खिळ्याला टांगलेला असे.

घरात तारखा लक्षात ठेवण्याचे काम लताबाईंचे होते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या कुंकवाच्या बोटाने खुणा करायच्या. कोणाची तिथी, कोणाचा वाढदिवस, आखाजी कधी. हे काम त्यांचे आहे, हे कोणी ठरवले नव्हते. म्हणून पौषात त्या गेल्या, तेव्हा ते काम आता कोणाचे, हेही कोणी ठरवले नाही. कॅलेंडर जानेवारीवरच राहिले.

मार्चमध्ये एका संध्याकाळी कुंदन हसत घरी आला. आई गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला, हे मी खिळ्यावरून पाहिले. त्याने जहाजाची सहल ठरवली होती. मुंबईहून निघायचे, चार रात्री, लक्षद्वीपपर्यंत जाऊन परत. एका केबिनमध्ये चार पलंग आणि घरात माणसे चार: आबा, कुंदन, डिंपल आणि त्यांची दहा वर्षांची दिपमाला. तो आबांच्या खाटेवर बसला आणि म्हणाला, "आबा, आईला समुद्र दाखवायचा राहून गेला. तुम्हाला तरी दाखवतो."

आबांनी तारखा विचारल्या. कुंदनने सांगितल्या. आबा शेतकरी माणूस, चंद्र बघून तिथी सांगणारे. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले आणि थांबले. सहलीचा तिसरा दिवस आखाजीचा होता. आणि लताबाई गेल्यानंतरची ती पहिली आखाजी होती. वारलेल्या माणसाच्या नावाने आखाजीला पाण्याची घागर भरतात. पहिल्या वर्षीची घागर चुकवत नाहीत. आबांनी तोंड उघडले होते. तेवढ्यात दिपमाला मोबाइलवर जहाजावरची घसरगुंडी दाखवायला आली. आबा घसरगुंडी बघू लागले.

त्यानंतरचे दिवस तयारीचे होते आणि तयारी उत्तम झाली. कुंदनने एकोणीस ओळींची यादी केली. शाळेची परीक्षा, त्याची रजा, सगळ्यांची ओळखपत्रे, आबांच्या गोळ्या, उलटीच्या गोळ्या, दूध बंद, गॅसचा कॉक, तुळशीला पाणी घालायला शेजारच्या सुनंदाबाई. डिंपलने कपड्यांच्या सहा चळती रंगांप्रमाणे लावल्या. त्या घरात तुळशीचीही सोय झाली होती. मोहिनीची ओळ मात्र यादीत नव्हती. कुंदन तिला टाळत नव्हता. आखाजी कधी आहे हे त्याला आईकडून कळत असे, आणि आई नव्हती.

आबांना मात्र माहीत होते. त्यांनी ठरवले होते की मोहिनीला आपण स्वतः फोन करायचा. रोज दुपारी ते खाटेवर बसत, मोहिनीचे नाव दाबत आणि वाजण्याआधी बंद करत. अकरा दिवस मी हे पाहिले. काय सांगणार होते? तुझ्या आईच्या पहिल्या आखाजीला घराला कुलूप असेल, हे कोणत्या शब्दांत सांगतात? आणि कुंदनला सांगितले असते, तर त्याचे हसू गेले असते. आबा दोन्ही बाजूंनी पिळले जात होते. फक्त त्यांना धरून ठेवायला दुसरा पेड नव्हता.

निघायच्या सकाळी आबांच्या खाकी बॅगेची चेन तुटली. डिंपल नवी बॅग देत होती. आबा नको म्हणाले. त्यांनी मला खिळ्यावरून काढले आणि हळूच म्हणाले, "ह्या साल तुले दुसरं काम नही." मग बॅगेभोवती चार वेढे दिले.

मुंबईच्या बंदरावर चकचकीत चाकांच्या बॅगांच्या रांगेत मी एकटाच अंबाडीचा होतो. डिंपल म्हणाली, "आबा, बैलबी येतोय का जहाजावर?" आबा म्हणाले, "बैल मीच शे." सगळे हसले, आबाही. मग चौघांचा फोटो काढला. मागे पांढरे जहाज आणि पुढे बॅग. डिंपलने तो लगेच स्टेटसला ठेवला. किती साधी गोष्ट. मला तेव्हा काहीच वाटले नाही.

जहाज अकरा मजली होते. सहल आनंदाची झाली नाही, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. दिपमाला घसरगुंडीवरून दिवसात चाळीस वेळा घसरली आणि आकडा रोज येऊन सांगत होती. डिंपल दोन दिवस सकाळी नऊपर्यंत झोपली. लग्नानंतर पहिल्यांदा, असे ती म्हणाली. कुंदनने आबांना धरून सर्वात वरच्या मजल्यावर नेले. चारही बाजूंना पाणी आणि एकही झाड नाही, हे पाहून आबांनी विचारले की इतके पाणी असून पिता येत नाही का. नाही म्हटल्यावर त्यांनी कठड्यावरून वाकून खाली पाहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे वर गेले होते. आबा केबिनमध्ये थांबले. केबिनला खिडकी नव्हती. त्यांनी मला बॅगेवरून सोडवले. घरून आणलेला पितळी तांब्या पाण्याने भरून टेबलावर ठेवला, त्यावर पेला, आणि पेल्यावर नाश्त्यातून कागदी रुमालात आणलेली खरबुजाची फोड. जहाज डोलत होते आणि तांब्या सरकत होता. तो पडू नये म्हणून आबांनी मला तांब्याच्या गळ्याला गुंडाळून टेबलाच्या पायाला बांधले. टेबल जमिनीला स्क्रूने पक्के होते.

मी आयुष्यात पहिल्यांदा लताबाईंचा भार असा पेलला. जहाज कलले की ताण किंचित वाढे, मग उतरे. लिंबावरचा माझा झोका चार सेकंदांत जाऊन येत असे. हा बारा सेकंद घेत होता. झोकाच, पण फार म्हातारा.

कुंदन खांद्यावर टॉवेल टाकून आत आला, तो दारातच थांबला.

"तुनी मायनी घागर शे," आबा म्हणाले. "हात जोड."

कुंदनने हात जोडले. मग विचारले, "आज आखाजी?" आणि थोड्या वेळाने, "ताईला कोणी सांगितलं?"

आबा तांब्यावरचा पेला नीट करू लागले.

"आबा, तुम्ही बोलले का नाही?"

"तुनी माय गई तवपासून तू पहिल्यांदा हासना रे भाऊ."

कुंदन ओल्या कपड्यांनी वर गेला. तो फोन हातात उंच धरून सगळे मजले फिरला, हे नंतर दिपमालाने सांगितले. भर समुद्रात रेंज नव्हती. उरलेले दोन दिवस जेवणे झाली, कार्यक्रम झाले, आणि मुलीसाठी दोघे नवरा-बायको टाळ्याही वाजवत होते.

शेवटच्या सकाळी आबांनी मला पुन्हा बॅगेभोवती बांधले. उतरण्याची वेळ येईपर्यंत ते डेकवर बसले, बॅग पायाशी. समुद्राचे तुषार माझ्यावर उडत होते. अंबाडीचा धागा भिजला की फुगतो. फुगला की दोर आखूड होतो आणि गाठ आवळते. मला ते कळत होते. सांगता येत नव्हते.

मुंबई दिसू लागली तशी रेंज आली. कुंदनने फोन लावला आणि आबांनाही ऐकू यावे म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला. मोहिनी शांत बोलली. दिपमाला कशी आहे, आबांना उलटी झाली का, विचारले. तिच्याकडे तिच्या नणंदा माहेरपणाला आल्या होत्या. तिने त्यांच्यासाठी पुरणपोळ्या केल्या, त्यांना झोके दिले. तिची स्वतःची पिशवी आठवडाभर दारामागे भरून ठेवलेली होती, ती तिने सहलीच्या पहिल्याच दिवशी रिकामी केली. पहिल्याच दिवशी का, ते कुंदनला कळेना. तेव्हा ती म्हणाली,

"स्टेटसवर फोटो देखा ना भाऊ. बॅगले दोर बांधेल दिखना. तवच समजनं, ह्या साल झोका नही."

मित्रांनो, त्या फोटोत जहाज होते, समुद्र होता, चार हसरे चेहरे होते. तिने पाहिले ते मला. माझ्यामुळे तिला कळले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडून झालेले हे एकमेव वाईट काम, आणि तेही मी नीट बांधून राहिल्यामुळे झाले.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी कुंदन मुराळी म्हणून सोनगीरला गेला. संध्याकाळी एकटा परतला. तिने त्याला रस-पोळी वाढली, रागाचा एक शब्द काढला नाही. निघताना एवढेच म्हणाली, "आते मी येसू तं पाव्हनी म्हनीसन येसू." आता आले तर पाहुणी म्हणून येईन. आखाजीला येते ती लेक. आखाजी झाल्यावर येते ती पाहुणी. कुंदन हे आबांना सांगताना गॅलरीतल्या रिकाम्या कड्यांकडे बघत होता. डिंपल स्वयंपाकघरात गेली आणि तिने कॅलेंडरची तीन पाने एकदम उलटली. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती पान उलटते. तिला कोणी सांगितले नाही.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. बॅगेतले कपडे आबांनी तुटक्या चेनमधून हात घालून काढले, कारण माझी गाठ सुटली नाही. मिठाने ती दगडासारखी झाली आहे. कुंदनने दाभण घालून पाहिले. डिंपलने कात्री आणली, तर आबांनी तिच्या हातातून ती काढून घेतली. मग बॅग माळ्यावर गेली. महिन्यातून एकदा आबा ती खाली मागतात, नखांनी गाठ चाचपतात आणि परत वर ठेवायला सांगतात. त्यांची नखे आता मऊ झाली आहेत.

गाठीच्या आत दोर मुडपलेला असतो आणि मुडपलेल्या जागी धागे एकेक करून तुटतात. पुढच्या आखाजीपर्यंत किती उरतील, मला सांगता येत नाही. दोन मायलेकींचा भार आता पेलायचा नाहीच. एकीचा पेलेल, असे वाटते.

तुम्ही फिरायला जरूर जा. समुद्र बघा, तो बघण्यासारखाच आहे. पण यादी कराल तेव्हा दूध आणि गॅसच्या वर एक ओळ लिहा: आपली वाट कोण बघत असेल? आणि ज्या माणसाला ठाऊक असेल त्याने गप्प बसू नये, कोणाचे हसू गेले तरी.

माझ्यासारखी गाठ ओढून सुटत नाही. ओढले की आणखी आवळते. दोर दोन्ही टोकांनी सैल सोडून आत ढकलावा लागतो, थोडा थोडा. काल आबांनी दुपारी मोहिनीचे नाव दाबले. मी माळ्यावरून ऐकले. या वेळी त्यांनी वाजू दिले. पलीकडे घंटी बराच वेळ वाजत राहिली.