आमच्या पिंपात मुलगे झाले

"घ्या, तुम्हीच घ्या. व्हा एकदाच्या पुत्रवती!"

रोज सकाळी आमच्या डोक्यावर हे पुटपुटणं व्हायचं आणि पाठोपाठ चिमूटभर करडी पावडर पाण्यात पडायची. मग वर मच्छरदाणीचा तुकडा ओढला की झालं. आमचं म्हणणं विचारतंय कोण?

मित्रांनो, मी एक म्हातारी पाणपिसू आहे. नावावर जाऊ नका, मी कुणाला चावत नाही. गोड्या पाण्यात टुणटुण उड्या मारणारा, मोहरीएवढादेखील नसलेला एक ठिपका म्हणजे मी. वय म्हणाल तर काही आठवड्यांचं, पण आमच्यात तेवढ्यात पणजी होता येतं.

आमचं घर म्हणजे डोंबिवलीतल्या एका इमारतीच्या गच्चीवरचं निळं पिंप. इमारतीच्या जागी पूर्वी तुळसाबाईंच्या सासऱ्यांचं भातशेत होतं. आता शेत गेलं, फ्लॅट आले आणि गच्ची तुळसाबाईंच्या सुनेच्या, दर्शनाच्या, वाट्याला आली. ती तिथे गप्पी मासे वाढवून कल्याणच्या दुकानांना देते. गप्पींची पिल्लं आम्हाला खातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, आम्हाला पाळलंय त्यासाठीच. माझी तक्रार आहे ती पावडरीबद्दल.

पूर्वी काय दिवस होते! दर्शना उन्हात ठेवून हिरवं झालेलं पाणी आमच्यात ओतायची. पोटभर खाणं, बेताची गर्दी. असे दिवस असले की आमच्यात मुलीच होतात. त्यासाठी नर लागतच नाही. आईच्या पाठीवरच्या पिशवीत मुली वाढतात आणि हुबेहूब आईसारख्या बाहेर पडतात. माझी आई, आजी, पणजी म्हणजे एका अर्थी मीच, म्हणून त्यांच्या आठवणीही मी माझ्याच म्हणून सांगते. पण दाटी झाली, खाणं आटलं, पाणी बिघडलं की त्याच आईला मुलगे होऊ लागतात. बीज तेच, बदलतं ते भोवतालचं पाणी. काही घराणी मात्र अशी असतात की कितीही हाल झाले तरी त्यांना मुलगा होतच नाही. ते त्यांच्या बीजातच असतं. काही झालं तरी आमच्यात आईला बोल कुणी लावत नाही. ती अक्कल माणसांकडे आहे.

दर्शनाला दोन मुली. तिसऱ्यांदा दिवस गेले तशी तुळसाबाईंनी टिटवाळ्याच्या पलीकडून कुणा बाईकडून मुलगा होण्याची पुडी आणली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दर्शनाला बजावलं, "यात काय आहे कुणास ठाऊक. बाळाला अपाय होईल, जिभेलाही लावू नकोस." पण हे घरात सांगणार कोण? नवरा हर्षित ठाण्यात खोपटच्या एका क्लासमध्ये विज्ञान शिकवतो. पुडीचा विषय निघाला की तो मोबाइलमध्ये डोकं घालायचा. मग दर्शनाने आपला मार्ग काढला. पुडी घेतली म्हणून सांगायचं आणि पिंपात टाकायची.

अगं बाई, मोरीत टाक! कुंडीत टाक! आम्हीच सापडलो?

पावडर तळाशी कुजली. पाण्यातली हवा कमी झाली तसं आमचं अंग लालसर झालं. हिरवं पाणी पिवळं पडलं. रोज कितीजणी तळाला जाऊन पडायच्या. आणि मग माझ्या पाठीवरच्या पिशवीतून मुलगे निघाले. लहानखुरे, सतत कुणाच्या तरी मागे धावणारे. गुणी आहेत हो पोरं. त्यांच्यावाचून आमची ती टणक अंडी होत नाहीत, जी पाठीवरच्या काळ्या खोगिरात राहतात आणि पिंप कोरडं पडलं तरी तगतात. आता माझ्याही पाठीवर तसं खोगीर आहे. पण मित्रांनो, ते आलं म्हणून कुणी पेढे वाटू नयेत. ज्या पाण्यात कुणी राहतं त्यात काही टाकण्याआधी जरा वाकून बघावं, एवढंच मागणं आहे.

दर्शनाने वाकून बघितलं ते परवा. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात पुडी. तेवढ्यात तुळसाबाई सुकट वाळत घालायला वर आल्या. मागून हर्षित सुकटीची पाटी घेऊन.

"काय टाकतंस गो त्यात?"

"तुमची पुडी, आई. पहिल्या दिवसापासून यांनाच देतेय. गुण आला बघा. मुलगे झालेत."

रागवावं की हरखावं, तुळसाबाईंना कळेना. शेवटी हरखल्याच. "बघ! मी सांगत नव्हती? औषध खरा हाय! आन् तू मेली पाण्यात घालतंस!"

"यांना मुलगे कधी होतात माहितीये, आई? जिवावर बेतलं की. अर्धं पिंप मेलंय. हेच मी प्यायचं होतं ना?"

तुळसाबाईंनी पिंपात डोकावून बघितलं. वास आला तसा पदर नाकाला लावला. मग विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता, "मग तुझ्या पोटी पोरीच का येतात गो?"

दर्शनाने नवऱ्याकडे बघितलं. त्याचा हात सवयीने खिशातल्या मोबाइलकडे गेला आणि तिथेच थांबला. त्याने पाटी खाली ठेवली.

"आई, ते तिच्या हातात नसतं. माझ्याही हातात नसतं, पण ठरतं ते माझ्याकडच्या बीजावर. दरवर्षी पोरांना फळ्यावर लिहून देतो मी हे. घरातच बोललो नाही."