वहीतलं अठरावं नाव

मालिनीताईंच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर देवाची तसबीर नव्हती, नियमांची होती. काचेच्या चौकटीत अकरा नियम, वर मराठीत, खाली हिंदीत, आणि अक्षर नंदा बिवलकरचं. मालिनीताई तीन वर्षं इंग्लंडात मुलीकडे राहिल्या, तिथल्या आत्मवादी मंडळात हाताने उपचार करण्याचं रीतसर शिक्षण घेतलं आणि परत लखनौला येताना हे नियमही घेऊन आल्या. त्यांचं म्हणणं असं, की उपचार आपण करतच नाही, पलीकडचे आत्मे करतात. आपण नुसती नळी. नळीने आपली अक्कल चालवायची नाही. म्हणून आजाराचं निदान आपण करायचं नाही, डॉक्टरांच्या कामात तोंड घालायचं नाही, विचारल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही आणि बरं करण्याचं वचन तर मुळीच द्यायचं नाही.

लखनौत ताईत बांधणारे आणि फुंकर मारणारे पैशाला पासरी मिळतात. आपण त्यातले नाही, याचा नंदाला फार अभिमान. नवा माणूस आला की ती त्याला चौकटीसमोर उभा करून अकराही नियम मोठ्याने वाचायला लावी. तिच्या मागे सगळे तिला 'हेडमास्तरीण' म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

सातवा नियम असा होता: जो समोर नाही त्याचं नाव, त्याची स्वतःची संमती असल्याशिवाय, वहीत लिहायचं नाही.

ही वही म्हणजे नावं वाचताना समोर नसलेल्या आजाऱ्यांची. दर गुरुवारी पाच वाजता मंडळी डोळे मिटून गोल बसत. मालिनीताई एकेक नाव आणि मोहल्ला वाचत. प्रत्येक नावाला सगळे तळहात वर करत आणि दहा श्वास शांत राहत. आजार काय आणि संमती आहे की नाही, हे पुढच्या रकान्यांत असे. ते कधीच वाचलं जात नसे. वाचून झालं की वही कपाटात आणि कपाटाला कुलूप. नंदाने मात्र ही नावं कधी ऐकली नव्हती. त्या वेळी ती आतल्या खोलीत, प्रत्यक्ष आलेल्यांवर हात धरून बसलेली असे.

आणि गंमत म्हणा किंवा काय म्हणाल ते म्हणा, सातवा नियम सैल केला तो हेडमास्तरणीनेच. दोन वर्षांपूर्वी चंद्रकांत नावाचे एअर फोर्समधून निवृत्त झालेले गृहस्थ आतल्या खोलीत उपचाराला यायचे. त्यांना काय झालंय हे त्यांच्या मुलाला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. मुलगा हात जोडून म्हणाला, बाबांना कळलं तर ते कोसळतील, पण त्यांचं नाव वहीत घ्या. सगळे चुळबुळले. तेव्हा नंदा म्हणाली, "अहो, भलं करायला कसली आलीय परवानगी?" तेव्हापासून घरच्यांनी 'हो' लिहिलं तरी चालू लागलं. चंद्रकांतांनी तिला एकदा, ती पाठीवर हात धरून उभी असताना, विचारलंही होतं, "ताई, मला काही मोठं तर नाही ना?" ती म्हणाली, "छे हो, काही नाही." पुढच्या चैत्रात ते गेले. नंदा चार दिवस त्यांच्या घरी डबा पोचवत होती, मग तो विषय तिच्यापुरता संपला.

आजच्या गुरुवारी दुपारपासूनच धुकं उतरलं होतं. मालिनीताई मुलीला आणायला अमौसी विमानतळावर गेलेल्या आणि विमानाचा पत्ता नव्हता. पावणेपाचला त्यांचा फोन आला.

"नंदा, आज बैठक नको. सगळ्यांना घरी पाठव."

"नको कशी? सगळे आलेत. जुई बँकेतून लवकर सुटून आलीय. आत कुणी हाताच्या उपचाराला नाही, मी रिकामीच आहे. मी वाचते नावं."

"नाही, नाही, वहीला हात लावू नकोस. ऐक माझं, नंदा..."

आवाज तुटला. नंदाने दोनदा हॅलो हॅलो केलं. मग तिने विचार केला, ताई थकल्यात, आपल्याला त्रास नको म्हणून सांगताहेत. एक गुरुवार चुकवायचा म्हणजे आजाऱ्यांनी काय करायचं? टीव्हीमागच्या खिळ्याला कपाटाची किल्ली असते, हे तिला माहीत होतं.

नऊ माणसं गोल बसली, डोळे मिटले. नंदा चष्मा पुसून वाचू लागली. चौक मोहल्ल्यातले एक चिकन भरतकामाचे कारागीर, त्यांची सून, आलमबागेतल्या एक बाई, कुणी कानपूरचं. नाव, मोहल्ला, तळहात वर, दहा श्वास. किती छान चाललंय, असं तिला वाटलं. सतरा नावं झाली. पान उलटलं आणि तिने त्याच संथ सुरात अठरावं नाव वाचलं.

"नंदा लक्ष्मीकांत बिवलकर, इंदिरा नगर."

जीभ पुढे गेली आणि डोकं मागून आलं. आपण काय वाचलं हे कळायला तिला एक क्षण लागला, आणि तोवर नऊ माणसांचे अठरा तळहात वर गेले होते.

तिने पुढचा रकाना पाहिला. मोठ्या आतड्याचा कर्करोग. त्याच्या पुढचा रकाना: संमती, हो. तारीख अकरा नोव्हेंबर. अक्षर तिच्या नवऱ्याचं, लक्ष्मीकांतांचं. रेल्वेत इंजिनिअर म्हणून छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचं ते अक्षर, नकाशावर लिहावं तसं सरळ, एकही वेलांटी इकडची तिकडे नाही.

नंदाने तारीख पुन्हा वाचली. नोव्हेंबरात पोटात कळा येत होत्या म्हणून नळी घालून तपासणी झाली होती. रिपोर्ट आणायला लक्ष्मीकांत एकटेच गेले आणि येताना गरम जिलब्या घेऊन आले. "थोडी सूज आहे म्हणे. गोळ्या दिल्यात," इतकंच म्हणाले. तिने दोन जिलब्या जास्तच खाल्ल्या होत्या.

पण खरा धक्का तिला बसला तो आत्ता, समोर बघून. कुणीच दचकलं नव्हतं. कुणाचा डोळा उघडला नव्हता, कुणाच्या कपाळाला आठी नव्हती. तिचं नाव ऐकून ही माणसं शांतपणे श्वास घेत बसली होती, जशी ती चौकातल्या कारागिराच्या नावाला बसली होती. सवय होती त्यांना. नऊ गुरुवार झाले होते, हा दहावा.

एकोणिसावं नाव येईना, तेव्हा जुईने डोळे उघडले. नंदाला आणि तिच्या हातातल्या वहीला बघून पोरीच्या तोंडचं पाणी पळालं.

"आंटी... आपको नहीं पढ़ना था आज."

"तुला माहीत होतं?"

"सबको पता था. मालिनी आंटी ने कहा था, आपको बताएँगे तो आप टूट जाएँगी, फिर हीलिंग लगेगी ही नहीं. और यहाँ की बात तो बाहर करनी नहीं होती, नियम है ना." ती रडायला लागली. "आपने ही तो पढ़वाया था."

तो नववा नियम. तो मात्र सगळ्यांनी तंतोतंत पाळला होता. गेले दोन महिने ही मंडळी तिच्या हातचा चहा पीत होती, "नंदाताई, बारीक झालात, छान दिसता" म्हणत होती. बारीक झालात! तिला संताप आला आणि त्याहून जास्त लाज वाटली, भर बाजारात पदर सुटावा तशी. तिने वही मिटली, चपला घातल्या आणि शाल तिथेच विसरून जिना उतरली.

लक्ष्मीकांत नेहमीप्रमाणे सहाच्या आधी स्कूटर घेऊन फाटकाशी उभे होते. माकडटोपी, मफलर, चष्म्यावर धुकं.

"अगं, शाल कुठाय? थंडी बघ किती..."

"अहो, मला कर्करोग झालाय का?"

त्यांनी स्कूटर स्टँडवर लावली. नीट लावली, हलवून पाहिली. या माणसाला भूकंपात सुद्धा आधी स्टँड लागेल.

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. तुमच्या अक्षरात. पुढे माझी संमतीसुद्धा लिहिलीत, 'हो' म्हणून. कधी दिली होती मी?"

"नंदा, डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन. मोठं ऑपरेशन. माझ्या डोळ्यांसमोर माणिकताई आली." माणिकताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, ऑपरेशनला आत नेलं ती परत बाहेर आलीच नाही. "मी मालिनीताईंकडे गेलो."

"तुम्ही? आमच्या बैठकीला भोंदूगिरी म्हणणारे तुम्ही?"

"घाबरलो की नाही कळत गं. माणूस काहीही धरतो. त्या म्हणाल्या, काही जण चाकूशिवायही बरे होतात. बारा गुरुवार होऊ देत, मग पुन्हा तपासू. म्हटलं, बारा गुरुवारांनी काय बिघडतंय?"

नंदाला वाटलं आपण ऐकण्यात चुकतोय. मालिनीताई? ज्यांनी तिला शिकवलं, की नळीने अक्कल चालवायची नाही? त्यांनी डॉक्टरांची तारीख पुढे ढकलली, वर बरं होण्याचा वायदा केला, आणि दर गुरुवारी तिला प्रेमाने जवळ घेत राहिल्या. तिने फाटक घट्ट धरलं.

"रिपोर्ट कुठाय?"

लक्ष्मीकांतांनी स्कूटरची डिकी उघडली. पाने, स्क्रू ड्रायव्हर, पुसायचं फडकं, आणि त्याखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फाइल. घरात सापडू नये म्हणून. रोज याच डिकीवर ती भाजीची पिशवी टेकवून बसत होती. तिने मोबाइलच्या उजेडात कागद उलटले. शेवटी डॉक्टरांच्या हातचं होतं: ऑपरेशन तातडीने, अठरा नोव्हेंबर. 'तातडीने'खाली दोन रेघा.

फोन वाजला. मालिनीताई. जुईने कळवलं असणार.

"नंदा, आधी शांत हो. मी जे केलं ते तुझ्यावरच्या मायेपोटी केलं."

"ताई, मला विचारलं का नाहीत?"

पलीकडे विमानतळावरची घोषणा चालली होती.

"तूच म्हणाली होतीस ना, भलं करायला कसली आलीय परवानगी?"

नंदाला चंद्रकांतांची पाठ आठवली, स्वेटरमधून हाताला लागणारी हाडं, आणि त्यांनी मान न वळवता विचारलेला प्रश्न. त्यांनी किती धीर करून विचारला असेल! आणि आपण एका शब्दात त्यांना गप्प केलं. त्यांना मुलाशी काही बोलायचं असेल, कुठे जायचं असेल, कुणाची माफी मागायची असेल. आपण त्यांचे ते महिने खाल्ले, आणि वर त्यांच्या घरी डबे पोचवले. तिने फोन बंद केला आणि फाटकाला टेकून रडली. लक्ष्मीकांत दोन पावलांवर उभे होते, हात पुढे करावा की नाही हे न कळून.

मग तिने नाक पुसलं आणि फाइलवरचा रुग्णालयाचा नंबर लावला.

"जी, पेशेंट का नाम?"

"नंदा बिवलकर."

"आप उनकी कौन बोल रही हैं?"

"मैं ही बोल रही हूँ. मुझे ऑपरेशन की तारीख चाहिए."

काउंटरवरची मुलगी थबकली. कुजबुज झाली, कीबोर्डवर टाइप केल्याचा आवाज आला. "मैडम, घर के किसी से बात करा दीजिए. यहाँ नोट लगा है कि मरीज़ को कुछ नहीं बताना है, बात सिर्फ़ पति से होगी."

"मरीज़ को पता चल गया है. नोट हटा दीजिए."

"वो मैं नहीं हटा सकती, मैडम. उन्होंने ही लगवाया है, उनकी परमिशन लगेगी."

नंदाने फोन कानापासून दूर धरला आणि त्याकडे बघतच राहिली. स्वतःचं आतडं, स्वतःचं मरण, आणि त्याला नवऱ्याची परवानगी! तिने फोन लक्ष्मीकांतांच्या पुढे केला.

"सांगा तिला. मला ऐकू येईल असं सांगा."

लक्ष्मीकांतांनी टोपी काढली. का काढली, त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मैं लक्ष्मीकांत बिवलकर. मेरी पत्नी को..." त्यांनी नंदाकडे पाहिलं. "मेरी पत्नी को सब पता है. मैंने छुपाया था, ग़लती मेरी है. नोट हटाइए."

"ठीक है सर," मुलगी म्हणाली. "तो ऑपरेशन कब का रखें, सर?"

लक्ष्मीकांतांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि फोन तिच्या हातात दिला.

"जो सबसे पहले मिले," नंदा म्हणाली.