झोळीजवळच्या दोन विटा

“लेकरू रडत असलं तर भ्यायचं न्हाय बाई. लई गप असलं तर उठून बघायचं,” म्हाळसाबाईनं सकाळीच सांगितलं होतं. चारुशीला नुसती हसली. पॉलिटेक्निकनं तिला मुरुम गावी महिनाभर धाडलं होतं ते शाळेची नवी इमारत कशी उभी राहते ते शिकायला. लेकरांचं तिला काय!

म्हातारी म्हाळसाबाई चुना मळायच्या घाणीवर बैल हाकायची. चारुशीला वही घेऊन तिच्या मागं. चुना इतका का मळायचा? वाळू मुठीत का चोळायची?

“तुमच्या कालिजात चुना न्हाय का गं?”

“आहे की. पुस्तकात.”

“मग चिकटतोय कशाला!”

विटा वाहणाऱ्या मल्लम्माची पाच महिन्यांची मुलगी लिंबाच्या फांदीला झोळीत निजलेली असे. शेजारी पाथरवटांचे घण, वर मुकादम दगडोबाचा आरडाओरडा; पण पोरीचा हूं नाही की चूं नाही. चारुशीलेनं कौतुकानं वहीच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘किती गुणी!’

दुपारी विटांची गाडी आली. दगडोबा म्हणाला, “बाईसाहेब, दोन इटा एकमेकीवर हाना. खणकन वाजल्या तर घ्या. बद वाजली ती कच्ची.”

ती लिंबाच्या सावलीत बसून विटा वाजवू लागली. मजा वाटत होती. एक जोडी अशी खणाणली की घाणीच्या बैलानं कान टवकारले. झोळीत मात्र बोटसुद्धा हललं नाही. चारुशीला थांबली. मग अगदी झोळीला लागून तिनं पुन्हा वाजवून पाहिलं.

काहीच नाही.

म्हातारीचं सकाळचं बोलणं तिला आठवलं. तिनं पोरीला उचललं तर मान लुळी. एक श्वास आला, आणि दुसऱ्याची किती वाट बघावी लागली!

“मल्लम्मा!”

मल्लम्मानं डोक्यावरच्या विटा तिथंच टाकल्या. म्हाळसाबाईनं मल्लम्माच्या कनवटीची गाठ सोडली. आत अफूची काळी गोळी.

“किती दिलीस गं?”

“रोज एक देते. आज लई रडायली, म्हनून आनिक एक.”

“अगं, पण कशाला?” चारुशीलेचा आवाज चिरकला.

मल्लम्मा दगडोबाकडं बघत राहिली. “लेकरू रडलं तर उद्या येऊ नको म्हनायलेत.”

दगडोबानं मान खाली घातली. मग कुणाला हाक न मारता त्यानं स्वतःच गाडीतल्या उरलेल्या विटा भराभरा खाली ढकलल्या. “बसा. दवाखाना गाठू.”

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. तळपायाला टिचक्या मारमारून पोरीला झोपू दिलं नाही. चार वाजता ती रडली. बारीक, फाटक्या आवाजात. सवयीनं मल्लम्माचा हात तिच्या तोंडाकडं गेला, आणि मधेच थांबला.

“रडू दे,” दगडोबा दारातून म्हणाला. “उद्या बी रडली तर रडू दे.”

पण दुसऱ्या दिवशी मल्लम्मा कामावर आलीच नाही. पहाटेच लेकराला घेऊन ती दवाखान्यातून निघून गेली होती. तिचं गाव कुठलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. फांदीला झोळीची दोरी तेवढी राहिली होती. महिना सरेपर्यंत दगडोबानं ती कुणाला सोडू दिली नाही.

आज चारुशीलेचा स्वतःचा मुलगा पाळण्यात जरा जास्त वेळ निजला, की ती हातातलं काम टाकून त्याच्या नाकाशी बोट धरते. मल्लम्माची पोर आता शाळेत जायच्या वयाची असेल. असेल ना?

तुमच्या गावात कुठं बांधकाम चालू असेल आणि झाडाला एखादी झोळी शांत लटकत असेल, तर तसेच पुढं जाऊ नका. जवळ जा. एकदा टाळी वाजवा. बोट हलतंय का, तेवढं बघा.